लाडूशेटच्या खिशातले दगड

या अंकात ज्यांचे अनुभव छापले जातात ती माणसे तीस-तीस वर्षे एका कामात मुरलेली असतात. गेल्या दिवाळीला एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी लिहिले होते, त्याआधी एका वैद्यांनी. त्यांच्या पंगतीत मी पाट मांडून बसावे हे मलाच बरे वाटत नाही. मी अजून कॉलेजात शिकतो. वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीतून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे काय लिहावे आणि काय लिहू नये हे विचारायला घरात कोणी नाही. शिवाय माझे काम सांगितले की लोक आधी हसतात. एका मुलांच्या मासिकात मी दर महिन्याला एक पान लिहितो. लाडूशेट नावाचा एक श्रीमंत, गुटगुटीत मुलगा आणि त्याचे दोन मित्र यांच्या गमती त्यात असतात. चार चित्रे आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी. महिन्याला आठ ओळी लिहिणाऱ्याने आपल्या कामाचा अनुभव सांगायचा हे धाडसच आहे. पण संपादकांनी आग्रह केला, आणि या पावसाळ्यात जे घडले ते कुठेतरी लिहून ठेवावे असे मलाही वाटत होते. चुकेल तिथे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी काम कसे चालते ते सांगतो. लोकांना वाटते, लेखकाला गोष्ट सुचते आणि मग चित्रकार तिची चित्रे काढतो. मोठ्या मासिकांत तसे होत असेल. आमच्याकडे चित्रकारच नाही. आमच्याकडे एक खोका आहे. मुंबईचा एक छापखाना बंद पडला तेव्हा आमच्या मासिकाच्या संपादकांनी तिथल्या सामानातून तो उचलून आणला. कुठल्याशा पौष्टिक औषधाच्या जाहिरातीसाठी केलेले नऊ ब्लॉक त्यात होते. ब्लॉक म्हणजे लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा. त्यावर चित्र उलटे कोरलेले असते आणि कागदावर ते सुलटे उमटते. आमच्या नऊ ब्लॉकांत मखमली टोपी घातलेला एक गुबगुबीत मुलगा तीन वेळा आहे: एकदा कमरेवर हात ठेवून उभा, एकदा हसताना आणि एकदा मोठ्याने रडताना. बाकी एकाच ब्लॉकात दोन हडकुळी पोरे, मग एक शेळी, एक छत्री, मोठ्या दाराचे एक घर, मिशीवाले वडील, आणि डावीकडे निघालेली एक घोडागाडी. एवढेच. या नऊ चित्रांतून दर महिन्याला नवी गोष्ट काढायची, हे माझे काम.

आमचे मासिक पुण्यात जिथे छापतात त्या छापखान्यात मी मुद्रिते तपासायचे काम मागायला गेलो होतो. संपादकांनी तो खोका माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, यातून काही हसण्याजोगे निघते का बघा. मी तासभर ते ब्लॉक टेबलावर मांडत बसलो. शेवटी छत्री शेळीच्या डोक्यावर ठेवली, शेजारी कमरेवर हात ठेवलेला मुलगा ठेवला, आणि खाली लिहिले की लाडूशेटकडे पाच छत्र्या आहेत, पण त्याला मित्रांसारखी घोंगडीची खोळ हवी आहे, म्हणून त्याने छत्री शेळीला देऊन टाकली. अक्षरांचे खिळे जुळवणारे म्हादबा जुळारी मागे उभे राहून बघत होते. ते कामथडीचे. हसले की आवाज येत नाही, नुसते पोट हलते. त्यांचे पोट हलले आणि मला काम मिळाले.

हळूहळू त्यातल्या अडचणी कळू लागल्या. दोन ओळींच्या वर एक अक्षर वाढले तर म्हादबा मुकाट्याने ते काढून टाकत, आणि नेमके तेच मला आवडलेले असे. शेळीचा ब्लॉक एकच, तेव्हा शेळी कायम उभीच. वरवे बुद्रुकच्या एका मुलीने पोस्टकार्डावर विचारले होते, तुमची शेळी कधी बसत का नाही? पुढच्या महिन्यात मी लिहिले की लाडूशेटने शेळीला शाळेत घातले आणि मास्तरांनी तिला उभे राहण्याची शिक्षा केली. पुण्यातले एक गृहस्थ एकदा मखमली टोपी घातलेल्या आपल्या मुलाला घेऊन छापखान्यात आले. आमच्या मुलाचे चित्र कोणाला विचारून छापता, असा त्यांचा सवाल होता. ब्लॉक मुलाच्या जन्माआधीचा आहे हे संपादकांनी त्यांना समजावेपर्यंत मुलाने खोक्यातली घोडागाडी काढून टेबलावर फिरवायला सुरुवात केली होती. जाताना त्यांनी वर्षाची वर्गणी भरली.

लोक विचारत, या गोष्टी सुचतात कुठून? मी म्हणे, अशाच. ते खरे नव्हते.

मॅट्रिकच्या आधी तीन वर्षे मी भोरला अण्णासाहेबांच्या घरी राहिलो. त्यांची भाताची गिरणी. मुळशीपासून महाडपर्यंतचे व्यापारी त्यांच्या आंबेमोहोराचे नाव घेत. वर राहायला खोली, दोन वेळा जेवण, आणि त्याबदल्यात त्यांच्या एकुलत्या मुलाला, मनोहरला, शिकवायचे असे ठरले होते. मनोहर तेव्हा सात-आठ वर्षांचा. शाळा हाकेच्या अंतरावर, तरी त्याला घोडागाडीतून जावे लागे. तो कोपऱ्यावर उतरायचा, धोंडू आणि नामू या दोन मित्रांना गाडीत बसवायचा आणि स्वतः मागून चालत यायचा. ही दोघे धनगरवाड्यावरची, अण्णासाहेबांकडे दूध घालायला येत. भोरच्या रस्त्यावर रोज सकाळी लोक बघत, गाडीत घोंगडीवाली दोन पोरे ताठ बसली आहेत आणि मागे मखमली टोपीवाला मालक धापा टाकत येतो आहे. हे मी छापले. पाच छत्र्या आणि खोळ हेही त्याचेच. पण हे सगळ्या गावाने बघितलेले होते आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते.

एक गोष्ट मात्र गावाने बघितली नव्हती.

मनोहर नवसाने झालेला. देवीला बोललेले होते की मूल जगले तर दर वाढदिवसाला त्याची तुला करू. गिरणीतल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात मनोहरला बसवायचे, दुसऱ्यात तांदूळ, आणि तो तांदूळ डोंगरातल्या गरजू घरांत वाटायचा. आमच्याकडे भात पिकतो, पण तो बाजाराला जातो. घरात नाचणी आणि वरी. त्या दिवसाच्या तांदळाची घरे वाट बघत. मी त्यांच्याकडे राहायला लागल्यापासून एक वाटा आमच्या वाडीतही येऊ लागला होता.

मी मनोहरला शेर आणि पायलीची गणिते शिकवत होतो. एकदा त्याने विचारले, मास्तर, नदीतला एवढा दगड म्हणजे किती शेर? मी विचारले, कशाला? तो पाटीवर वाकला. वाढदिवसाच्या सकाळी मी त्याच्या कोटाची बटणे लावायला गेलो तर कोट खाली ओढत होता. आतल्या बाजूला आईच्या जुन्या पातळाचे तुकडे शिवून त्याने खिसे केले होते, आणि त्यांत नीरेच्या पात्रातले गुळगुळीत दगड.

मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, “धोंड्याच्या घरी माणसं जास्त आहेत, मास्तर. मी कमी पडतो.”

मग त्याने माझ्या गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगायचे नाही. मी नाही सांगितले. त्या वर्षीही नाही आणि पुढच्या दोन वर्षांतही नाही. दरसाल दगड थोडे वाढत गेले. पारड्यात चढताना तो इतका जपून पाय टाकायचा की बायका म्हणत, काय गुणी पोर आहे.

यंदा श्रावणाच्या अंकाला माझ्याकडे काहीच नव्हते. परीक्षा तोंडावर होती. संपादक रोज निरोप पाठवत होते. खोका उघडून बसलो तर वडिलांचा ब्लॉक, हसरा लाडूशेट आणि शेळी एवढेच बरेच दिवस वापरलेले नव्हते. आणि तुलेची गोष्ट आठवली. नाव वेगळे, चित्र वेगळे, गाव लिहिलेले नाही. मनाशी म्हटले, कुणाला कळणार आहे?

पहिल्या चित्रात लाडूशेट हसत खिसे भरतो. दुसऱ्यात तांदूळ उतू जातो आणि शेळी खाते. तिसऱ्यात वडील येतात. चौथ्याला राहिला तो रडणारा ब्लॉक. उभा असलेला लाडूशेट ठेवता आला असता, पण त्याचा पत्रा त्याच आठवड्यात लाकडापासून सुटला होता. आता मुलगा रडतो आहे तर त्याला काही कारण पाहिजे. चित्र आधी, ओळी मागून, ही आमची रीतच. मी ते चित्र पुष्कळ वेळ बघितले आणि खाली लिहिले:

“खिशातून दगड पडले खाली, लाडूशेटची चोरी उघडी झाली.”

नेमक्या दोन ओळी. म्हादबांना एकही अक्षर काढावे लागले नाही. मला त्याचा आनंदसुद्धा झाला होता, हे लिहायला लाज वाटते.

आमच्या अंकांचा गठ्ठा भोरला मोटारीने जातो. मोटार चालवतात ते रावजी. ते सारोळ्याचे, आणि जाता-येता छापखान्यात चहाला थांबतात. श्रावणाचा गठ्ठा नेला त्यानंतर चार दिवसांनी ते आले आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाले की यावेळी भोरात अंक विकायला उरलेच नाहीत. अण्णासाहेबांनी दुकानात उभ्याउभ्या एक वाचला आणि आधी विकले गेलेले चार-पाच सोडून बाकीचे सगळे उचलून घरी नेले.

“हसले का?” मी विचारले.

“हसायचं काय न्हाई दिसलं,” रावजी म्हणाले. “घाम पुसत व्हते.”

त्या दिवसापासून माझे अभ्यासात लक्ष लागेना. ज्या घराने तीन वर्षे ताट वाढले, त्या घराच्या नवसात खोट आहे हे मी छापून जाहीर केले होते. आणि ज्या मुलाने माझ्या गळ्याची शपथ घातली त्याला मी चोर म्हटले होते, कारण एक पत्रा सुटला होता. मी अण्णासाहेबांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले. त्याचेही नाही.

भाद्रपदात रावजींनी सांगितले, मनोहर तापाने पडला आहे. विषमज्वर. घरात मुलांना जाऊ देत नाहीत, डॉक्टर दोन वेळा येतात. मग म्हणाले, “लोकं काय बी बोलत्यात, मास्तर. तुमी मनाला लावून घिऊ नगा.” लोक काय बोलतात हे मी विचारले नाही. मला ते कळले होते. नवस खोटा फेडला, देवी कोपली. आणि नवस खोटा फेडला हे लोकांना माझ्यामुळे कळले होते. पुढच्या आठवड्यात रावजींना मालकाने साताऱ्याच्या रस्त्यावर घातले. भोरच्या गाडीवर आलेला नवा माणूस नुसता मान हलवायचा. बातमी येणे बंद झाले.

एका रविवारी मी भोरच्या मोटारीत बसलो. शिंदेवाडीपर्यंत अण्णासाहेबांना काय बोलायचे ते पाठ करत होतो. नसरापूर आले तेव्हा माझा धीर सुटला. मी तिथेच उतरलो आणि चिखलातून चालत आमच्या वाडीकडे निघालो. या प्रवासाचा मला जितका पश्चात्ताप होतो तितका त्या दोन ओळींचाही होत नाही. दहा मैलांवर मुलगा पडला होता आणि मी पाठ फिरवली.

आईला वाचता येत नाही. मी तिला चुलीपुढे बसून सगळे सांगितले. शेळीपासून सांगितले. ती भाकऱ्या थापत होती. शेवटी म्हणाली, “दगडं खरंच घातली व्हती त्यानं?”

“व्हय.”

“तिन्ही साली?”

“व्हय.”

तिने भाकरी उलटली. “म्हंजी त्यो जास्तीचा तांदूळ आपल्यातबी आला. तू खाल्लास, म्या खाल्ला. आन् चोर त्यो एकला?”

परतताना तिने एवढेच सांगितले की बातमी येईल तेव्हा येईल, पण तोवर त्या पोराबद्दल वाईट एक अक्षर लिहू नको.

मी पुण्यास येऊन ठरवले की लाडूशेटच बंद करायचा. आश्विनाच्या अंकात त्याला मामाच्या गावाला पाठवून दिले. चौथ्या चौकटीत उजवीकडे घर आणि डावीकडे निघालेली घोडागाडी. खाली लिहिले, लाडूशेट गेला, मित्रांनो रामराम. संपादक फार नाराज झाले, पण माझा चेहरा बघून जास्त बोलले नाहीत. म्हादबांनी खिळे जुळवले, छपाई झाली. एरवी छपाई झाली की ते ब्लॉक धुऊन खोक्यात टाकतात. यावेळी ती चौकट त्यांनी तशीच फळीवर ठेवली.

मी विचारले, “सोडत का नाही?”

म्हादबा म्हणाले, “गाडी एकच हाय नव्हं आपल्याकडं? डावीकडंच पळती. घर तिच्या मागं ठेवलं तर गेली. म्होरं ठेवलं तर आली. मला काय, एक ब्लॉक हिकडचा तिकडं करायचा. तुमी कवा सांगताय तेवढं बगतो.”

ती चौकट तशीच राहिली. मधल्या काळात वरव्याच्या त्या मुलीचे पोस्टकार्ड आले, मामाचे गाव कोणते? तेही मी उत्तर न देता ठेवून दिले.

आमच्याच छापखान्यात या दिवाळी अंकाची जुळणी चालू होती तेव्हा एका दुपारी दारात मोटारीचा कर्णा वाजला. रावजी आत आले. त्यांना पुन्हा भोरच्या गाडीवर घातले होते. त्यांच्या काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेले काहीतरी होते. मी उठून उभा राहिलो. म्हादबांनीच विचारले, “पोरगं कसं हाय?”

“उठलंय,” रावजी म्हणाले.

मग पाणी पिऊन त्यांनी सावकाश सगळे सांगितले. चाळीस दिवस ताप होता. अण्णासाहेब त्या दिवसांत गिरणीत गेले नाहीत आणि कोणाचे पत्रही उघडले नाही. ताप उतरला, पथ्य सुटले, आणि वाढदिवसाला अवकाश असूनही त्यांनी तुला करायचे ठरवले. धोंडूच्या घरचे, नामूच्या घरचे, सगळ्या वाड्यांवरचे लोक बोलावले. रावजींची गाडी त्या दिवशी भोरात होती म्हणून तेही गेले. मनोहरला उचलून पारड्यात बसवला. कोट अंगावर नुसता लोंबत होता. दुसऱ्या पारड्यात दोन पाट्या तांदूळ पडला आणि पोरगे वर गेले. इतके हलके झाले होते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मनोहर खाली बघत बसला होता. त्याचे खिसे रिकामे होते.

“मग अण्णासायेब काट्यापशी आले,” रावजी म्हणाले. “म्हनले, यंदा जरा कमी पडतोय. आन् आपल्या कोटाच्या खिशातनं दगड काडले. नदीतलं. एक पोराच्या ह्या खिशात घातला, एक त्या. समद्यांच्या म्होरं. पोरगं बघतच राह्यलं.”

म्हादबा वळले, फळीवरची ती चौकट त्यांनी खाली घेतली, घोडागाडीच्या मागचे घर उचलले आणि तिच्या पुढे ठेवले.

रावजींनी फडके सोडले. त्यात पायलीभर तांदूळ होता, आमच्या वाडीत पोचवायचा, आणि वर आमचा श्रावणाचा अंक. अण्णासाहेबांनी उचलून नेलेले सगळे अंक त्या दिवशी तांदळाबरोबर घरटी एकेक वाटले, असे रावजी म्हणाले. एकही कपाटात ठेवला नाही. हा माझ्यासाठी होता.

मी ते पान काढले. खिसे भरणारा लाडूशेट, शेळी, वडील. चौथ्या चित्राखालच्या माझ्या दोन ओळींवर शाईची रेघ मारलेली होती, आणि खाली, हिशेबाच्या वहीत लिहावे तशा ठसठशीत अक्षरांत, अण्णासाहेबांनी आपल्या दोन ओळी लिहिल्या होत्या:

“जन्म गेला काट्यापाशी. बापाला पहिल्या सालीच कळले होते.
रडू नकोस.”